हात नेमके कधी गारठतात? बर्फावर चढताना बोटं बधिर होण्याची कारणं आणि उपाय

"एवढे महागडे ग्लोव्ह्ज घेतले, तरी बोटं बधिर होतातच." हिवाळ्यात बर्फावर चढायला जाणाऱ्या आपल्या मंडळींकडून ही तक्रार मी दर मोसमात ऐकते. पहिले तीन हिवाळे मीही तीच करत होते. दर वर्षी आधीपेक्षा जाड जोड घ्यायचा, हिमाचलमधल्या स्पितीत लिंगटीच्या बाजूला गोठलेल्या धबधब्याखाली जाऊन उभं राहायचं, आणि दुसऱ्या पिचला, म्हणजे चढाईच्या दुसऱ्या टप्प्याला, पुन्हा हात काखेत.

सह्याद्रीत तयार झालेल्या क्लायंबरला हाताची थंडी हा विषय मुळात माहीतच नसतो. आपल्याकडे ग्लोव्ह्ज लागतात ते रॅपलिंग करताना (दोरावरून उतरताना) किंवा बिले देताना (जोडीदाराचा दोर सांभाळताना) दोराने तळहात भाजू नये म्हणून. त्यामुळे हिमालयात गेल्यावर आपण हातमोज्यांकडे स्वेटरसारखं बघतो. थंडी वाजली, घाला आणखी जाड. बर्फावर चढताना या हिशेबाने काम बिघडतं.

म्हणून आता कुणी विचारलं तर ग्लोव्हची कंपनी मी नंतर विचारते. आधी विचारते, हात गारठतात कधी? पायथ्यापर्यंत चालतानाच? चढताना? बिलेवर उभं राहिल्यावर? की पहिला दिवस छान जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासूनच त्रास? चारही वेळा बोटं सारखीच बधिर लागतात, पण कारण दर वेळी वेगळं असतं.

थोडं शरीराचं आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. बोटांत स्नायू जवळजवळ नाहीतच. बोटं हलवणारे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात, थोडे तळहातात. त्यामुळे बोट स्वतः फारशी उष्णता तयार करत नाही, त्याला ऊब मिळते ती धडाकडून येणाऱ्या रक्तातून. धड गार पडायला लागलं की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतं. हृदय आणि मेंदू आधी, बोटं नंतर. ग्लोव्ह फक्त आलेली ऊब धरून ठेवतो. थर्मासमध्ये गार पाणी भरलं तर ते गारच राहणार, तसंच हे. रक्तच पोचत नसेल तर ग्लोव्ह कितीही जाड असला तरी आतलं बोट गारच.

चालतानाच बोटं बधिर होत असतील तर

आधी रकसॅकचे पट्टे सैल करून बघा. दोर, बर्फात बसवायचे स्क्रू, बर्फात घाव घालून लटकायचे दोन ॲक्स, बुटाखाली लावायचे काटेरी क्रॅम्पॉन असं वजन पाठीवर असतं, आणि घट्ट ओढलेला पट्टा काखेजवळ रक्तवाहिन्या आणि नसा दाबतो. मुंग्या येऊन बोटं बधिर होत असतील, विशेषतः करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, तर संशय पट्ट्यावर घ्या. वजन कमरपट्ट्यावर उतरवा, खांदे मोकळे करा. काही मिनिटांत फरक पडला तर ग्लोव्हचा काही दोष नाही. घड्याळाचा पट्टा, लायनरचं (आतल्या पातळ हातमोज्याचं) घट्ट इलॅस्टिक, जॅकेटच्या बाहीचं करकचून लावलेलं वेल्क्रो, हेही तपासा. अंगठी तर घरीच ठेवून जा. बोट सुजलं की ती निघत नाही.

दुसरी चूक याच्या उलट. थंडी आहे म्हणून चढाईचे जाड ग्लोव्ह्ज घालूनच चालायला लागायचं. चढणीवर अंग तापतं, तळहाताला घाम येतो, आणि तो आतल्या थरात मुरतो. चालताना कळत नाही, कारण हात गरम असतात. पायथ्याशी थांबलं की दहा मिनिटांत तोच ओलावा बोटं गार करायला लागतो. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. चालण्यासाठी एक पातळ, साधा जोड वेगळा ठेवा आणि हात किंचित गार वाटू द्या. पायथ्याशी पोचलात की तो जोड पाठपिशवीत, आणि चढाईचा कोरडा जोड हातात.

चढताना

माझा स्वतःचा त्रास इथे होता, त्यामुळे यावर मी सगळ्यात जास्त डोकं घातलं आहे.

तिसऱ्या हिवाळ्यात मी स्कीइंगचे जाडजूड ग्लोव्ह्ज घेऊन गेले होते. चढून आले आणि बोटं तर बधिर होतीच, शिवाय कोपराखालचा हात दगडासारखा कडक झाला होता. रोप पार्टनरने माझा हात हातात घेतला, स्नायू दाबून बघितले आणि म्हणाला, "अगं, तू ॲक्स धरतेस की गळा दाबतेस?"

मुद्दा तोच होता. जाड ग्लोव्हमध्ये ॲक्सची मूठ बोटांत नीट बसत नाही. ती निसटेल या धास्तीने आपण दुप्पट जोराने आवळतो. आवळलेल्या मुठीत बोटांच्या आतल्या बाजूच्या बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, आणि तिथलंच अस्तर दबून चपटं होतं. म्हणजे जिथे धातू सगळ्यात जवळ, तिथेच ऊब सगळ्यात कमी. त्यानंतर मी चढायला पातळ ग्लोव्ह घेतला. तळव्याला शेळीच्या चामड्याचा, आत जेमतेम अस्तर. हात जास्त गरम राहिले. पहिल्यांदा मलाही ते खरं वाटलं नव्हतं.

मापाची परीक्षा दुकानातच करा. ग्लोव्ह घालून झाडूचा दांडा किंवा हातोडीची मूठ घट्ट धरा. मूठ मिटल्यावर बोटाचं टोक ग्लोव्हच्या टोकाला दाबलं जात असेल तर माप लहान. टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढी जागा हवी. तळव्यावर चुण्या गोळा होत असतील तर माप मोठं, आणि मग तुम्ही आवळणारच. बायकांचे हात लहान असतात आणि आपल्या बाजारात पुरुषांचीच मापं जास्त दिसतात, म्हणून मैत्रिणींनो, "चालून जाईल" म्हणत मोठं माप घेऊ नका.

आता हात वर धरण्याबद्दल. हात हृदयापेक्षा जितका वर, तितका बोटांतला रक्तदाब कमी. दर सेंटिमीटरला पाऱ्याचा सुमारे पाऊण मिलिमीटर. हात छातीपासून अर्धा मीटर वर गेला की ४० च्या जवळपास मिलिमीटर गेले, आणि हाताला मिळणारा सरासरी दाब मुळात ९० च्या आसपास असतो. त्यात आवळलेली मूठ, त्यात थंडी. ॲक्स मारून त्यावर लटकत, पुढची जागा शोधत पाच मिनिटं राहिलात तर बोटांत काय पोचणार?

उपाय अगदी साधा आहे, पण सवय लावावी लागते. एक ॲक्स पक्का बसला की दुसरा हात लगेच वर न्यायचा नाही. तो कमरेखाली सोडायचा, बोटं पूर्ण उघडायची, दोन-तीन झटके द्यायचे, मग पुढचा घाव. ॲक्स खांद्यावर अडकवून किंवा बर्फात सोडून हे सहज करता येतं. मूठ फक्त घाव घालताना घट्ट. लटकताना करंगळी ॲक्सच्या खालच्या टेकूवर बसवायची आणि बाकीची बोटं सैल. जुन्या पद्धतीच्या मनगटाच्या पट्ट्याचे ॲक्स वापरत असाल तर तो पट्टाही मनगट आवळतो, हे लक्षात ठेवा. आणि मार्ग खालूनच नीट वाचून ठेवा. हात वर धरून विचार करण्यात जेवढा वेळ जातो तेवढी ऊब जाते.

एक बारकावा बाहीचा. हात खाली असताना जॅकेटची बाही ग्लोव्हच्या वर असली पाहिजे, म्हणजे पाणी बाहेरून ओघळतं. हात वर गेले की गणित उलटं. बाहीचं तोंड आता आभाळाकडे असतं, आणि वितळलेलं पाणी मनगटावरून सरळ कोपरापर्यंत येतं. धबधबा आतून वाहता असेल, वरून ठिबकत असेल, तर लांब मनगटाचा ग्लोव्ह बाहीच्या वरून घ्या आणि दोरी ओढून बंद करा, पण रक्त अडेल इतकी नाही.

यानंतर येतो तो ठणका. चढून वर आलात, हात खाली केले, आणि रक्त एकदम गार बोटांत शिरलं की नखांखाली सुया खुपसल्यासारखं होतं. डोळ्यांत पाणी, पोटात मळमळ, कधी उलटीही. बाहेरचे क्लायंबर याला स्क्रीमिंग बारफीज म्हणतात. पहिल्या वेळी मी अँकरला, म्हणजे बर्फात स्वतःला बांधून घ्यायच्या पक्क्या जागेला, लटकून रडले होते, आणि मला वाटलं होतं बोटं गेली. गेली नव्हती. हा ठणका म्हणजे रक्त परत आल्याची खूण आहे. थोड्या मिनिटांत तो ओसरतो. तेवढा वेळ हात खाली ठेवा, बोटं हलवत राहा, कुणी तरी शेजारी असू द्या. मात्र ठणका चालू असताना बिले हातात घेऊ नका. पुष्कळ अनुभवी क्लायंबर पायथ्याशीच एकदा हात मुद्दाम गार होऊ देतात आणि मग काखेत धरून गरम करतात. एकदा रक्तवाहिन्या उघडल्या की पुढच्या पिचला बोटं जास्त तग धरतात. माझ्या बाबतीत हे चालतं.

बिलेवर उभं असताना

सेकंड, म्हणजे मागून चढणारा जोडीदार, वर येतोय, तुम्ही अँकरला उभे, अंग तापलेलं. ही पाच मिनिटं फसवी. पार्टनर मला दर वेळी एकच वाक्य ऐकवायचा, "आधी जॅकेट घाल, हाताचं नंतर बघ." डाउन जॅकेट थंडी वाजल्यावर घातलं तर उशीर झाला. अँकर पक्का झाला, की लगेच जॅकेट, टोपीवर हूड, गळ्याशी चेन बंद. मग हात. धड तापलेलं असताना ती ऊब कोंडली तर शरीर बोटांचं रक्त बंद करत नाही.

मग चढाईचे ग्लोव्ह्ज काढून मिटन्स, म्हणजे अंगठा वेगळा आणि बाकी बोटं एकत्र असलेले हातमोजे. चार बोटं एका खोलीत राहिली की एकमेकांची ऊब वापरतात आणि गार हवेला लागणारा पृष्ठभागही कमी होतो. त्याच जाडीच्या ग्लोव्हपेक्षा मिटन नेहमीच गरम. मिटन घालून बिले डिव्हाइस हाताळता येतं का, हे जमिनीवर तपासून घ्या. जमत नसेल तर सैल, जाड पाच बोटांचा जोड घ्या, पण दोरावरची पकड पक्की हवी, त्यात तडजोड नाही.

काढलेले ग्लोव्ह्ज कुठे ठेवता? कमरेच्या हार्नेसला लटकवत असाल तर तोंड खाली करून, बोटांच्या टोकाला असलेल्या फाशाने अडकवा, नाहीतर आत भुरभुरा बर्फ साचतो. त्याहून चांगली जागा जॅकेटच्या आत, पोटाशी. तिथे ते गोठत नाहीत, थोडे सुकतातही.

आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ओला दोर. वितळलेल्या बर्फाने भिजलेला दोर बिले डिव्हाइसमधून जाताना पिळला जातो, आणि ते पाणी तुमच्या ग्लोव्हच्या तळव्यात मुरतं. बिलेचा हात नेहमी जास्त गार पडत असेल, उजव्या हाताने बिले देणाऱ्याचा उजवा, तर हेच कारण. पाणी न शोषणारा, प्रक्रिया केलेला दोर वापरा, आणि बिलेचा जोड चढाईला वापरू नका.

वाराही मोजा. उणे १५ अंश आणि ताशी ३० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे २६ सारखं लागतं. अँकर शक्य तिथे आडोशाला घ्या. बोटं गेलीच तर हात खांद्यापासून पवनचक्कीसारखे गोल फिरवा, पंचवीस-तीस वेळा. रक्त अक्षरशः बोटांत फेकलं जातं. शेजारी माणूस आणि ॲक्स नाहीत ना, तेवढं बघून घ्या.

हँडवॉर्मरच्या पुड्यांबद्दल खूप जण विचारतात. त्यात लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजनने गंजते आणि तापते. उंचावर हवा विरळ आणि घट्ट ग्लोव्हच्या आत तर त्याहून कमी. मग पुडी मंदावते आणि आपण म्हणतो माल खराब. ती ग्लोव्ह घालायच्या वीस मिनिटं आधी उघडा, हलवा, खिशात तापू द्या, आणि मग मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, पातळ थरावरून ठेवा. थेट कातडीवर नको. तळहातात ठेवली तर मूठ नीट मिटत नाही.

पहिला दिवस ठीक, दुसरा वाईट

इथे जवळजवळ नेहमीच कारण एकच, ग्लोव्ह सुकला नाही. जानेवारीत स्पितीत रात्री पारा उणे २० च्या खाली सहज जातो. बाहेर राहिलेला ओला ग्लोव्ह सकाळी लाकडासारखा असतो. होमस्टेमध्ये बुखारी, म्हणजे खोली तापवायची पत्र्याची शेगडी, असते म्हणून तिच्या पत्र्यावर ठेवू नका. चामडं करपतं, आतला जलरोधक पडदा सुटतो. मी एक जोड असाच घालवला आहे. हातभर अंतरावर दोरी बांधून, तोंड खाली करून टांगा, आणि आतलं लायनर निघत असेल तर वेगळं टांगा. तंबूत असाल तर ओलसर लायनर पोटाजवळ दोन थरांच्या मध्ये घालून झोपा. गरम पाण्याची बाटली ग्लोव्हमध्ये सरकवली तरी चालते, फक्त झाकण दोनदा तपासा.

ग्लोव्ह काढताना एक काळजी घ्या. हात घामेजलेला असतो, मनगट धरून ओढलं की आतलं अस्तर बोटांबरोबर उलटं बाहेर येतं. मग गारठलेल्या बोटांनी ते परत आत घालता येत नाही. एक बोट आत, दुसरं भलत्याच कप्प्यात, आणि प्रत्येक सेकंदाला वारा. काढताना आधी एकेका बोटाचं टोक चिमटीत धरून थोडं थोडं सैल करा, मग अख्खा ग्लोव्ह ओढा. अस्तर टोकाशी शिवून पक्कं केलेलं आहे का, हे विकत घेतानाच ओढून बघा. भाड्याने घेतलेल्या ग्लोव्हमध्ये तर नक्कीच. केदारकंठाच्या वाटेवर भाड्याच्या एका जोडीने माझ्या बहिणीचे असे हाल केले होते.

तळहाताला फारच घाम येत असेल तर लायनरच्या खाली पातळ नायट्राइलचे, दवाखान्यात वापरतात तसे, ग्लोव्ह्ज घालून बघा. हात आतून दमट राहतो, पण बाहेरचा थर कोरडा राहतो. सगळ्यांना ते सोसत नाही.

ग्लोव्ह हातातून सुटला तर

३ जून १९५० ला मॉरिस हर्झोग अन्नपूर्णेच्या शिखरावरून उतरत होते. पाठपिशवी उघडायला ग्लोव्ह्ज काढले आणि ते उतारावरून घरंगळत गेले. पिशवीत जास्तीचे पायमोजे होते. ते हातात घालता येतील हे त्या उंचीवर त्यांना सुचलं नाही. पुढे त्यांची बोटं कापावी लागली. थकलेल्या, विरळ हवेतल्या मेंदूवर भरवसा ठेवू नका. मनगटाला इलॅस्टिकचा फास असल्याशिवाय मी आता ग्लोव्ह घालत नाही, आणि पिशवीत सगळ्यात वर एक जास्तीचा जोड, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला, कायम असतो.

कधी थांबायचं

बोट दुखतंय तोपर्यंत ते जिवंत आहे. दुखणं एकदम थांबलं आणि ऊब मात्र आली नाही, तर लगेच ग्लोव्ह काढून बघा. पांढरंफटक, मेणासारखं झालं असेल तर काखेत किंवा जोडीदाराच्या पोटाशी धरा. दहा-पंधरा मिनिटांत रंग आणि संवेदना परत आली तर वाचलात, पण त्या दिवशी पुढे चढू नका. नाही आली तर हिमदंश समजून उतरा. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही. बुखारीवर धरायचं नाही, कारण बधिर बोट भाजतंय हे कळत नाही. वाटेत पुन्हा गोठण्याची शक्यता असेल तर वितळवायचंच नाही, दुसऱ्यांदा गोठलेलं बोट जास्त खराब होतं. सुरक्षित ठिकाणी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवा, पाणी दुसऱ्याने कोपर घालून तपासावं, आणि गार होईल तसं गरम पाणी घालत राहा. खूप दुखेल. फोड फोडू नका, आणि डॉक्टरकडे त्याच दिवशी पोचायचा प्रयत्न करा. काही उपचार पहिल्या चोवीस तासांतच लागू पडतात. सिगारेट ओढत असाल तर डोंगरावर तरी पूर्ण बंद, निकोटिनने त्याच रक्तवाहिन्या आवळल्या जातात. एरवीही, साध्या थंडीत, तुमची बोटं पांढरी-निळी पडत असतील तर जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

खरेदीचा क्रम

पैसे मर्यादित असतील तर आधी चांगले मिटन्स घ्या. मग चढाईचे पातळ दोन जोड, कारण एक भिजणारच. मग दोन लायनर, मेरिनो लोकरीचे. चालायचा जोड घरात असेल तोच. ओल्या बर्फासाठी जपानी शोवा कंपनीचे निळे टेमरेस ग्लोव्ह्ज आता बरेच क्लायंबर वापरतात. ते कामगारांसाठी बनवलेले आहेत, पाणी आत येऊ देत नाहीत आणि चामड्याच्या ग्लोव्ह्जपेक्षा बरेच स्वस्त पडतात. रॅपलिंगच्या घर्षणाला मात्र टिकत नाहीत, त्यासाठी चामडंच हवं.

आणि निघण्याआधी आठवडाभर रोज दहा मिनिटं, घरी, ग्लोव्ह्ज घालून सराव करा. फिगर ऑफ एटची गाठ बांधा आणि सोडा, स्क्रू हार्नेसवरून काढा आणि परत लावा, कॅराबिनरची (दोर अडकवायच्या कडीची) फिरकी बंद करा, जॅकेटची चेन वर-खाली करा. नंतर बर्फाच्या पाण्याच्या बादलीत हात दोन मिनिटं बुडवून, पुसून, तेच पुन्हा. जे काम ग्लोव्ह घालून जमत नाही ते कागदावर लिहून ठेवा. माझ्या यादीत पहिल्या वर्षी चेनचं नाव होतं. मी तिला चार इंच दोरीचा तुकडा बांधला, आणि बिलेवर ग्लोव्ह काढायचं एक कारण तिथेच कमी झालं.